राक्षसाशी पहिला करार: डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये मांत्रिक खेळायला बसण्यापूर्वी

डी अँड डीची (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिका-खेळ) पाचवी आवृत्ती खेळून इकडे येणारा जवळजवळ प्रत्येक खेळाडू पहिल्याच सेशनला विचारतो, "माझे स्पेल स्लॉट किती?" डंजन क्रॉल क्लासिक्समध्ये, म्हणजे आपल्या भाषेत डीसीसीमध्ये, स्लॉट (किती मंत्र म्हणता येतील याचा ठरलेला कोटा) नसतात. मंत्र म्हणायचा, डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा आणि जे येईल ते सोसायचं. कधी तोच मंत्र दिवसभरात दहा वेळा चालतो, कधी पहिल्याच वेळी डोक्यातून पुसला जातो, आणि कधी मांत्रिकाच्याच अंगावर उलटतो.

हा खेळ गुडमन गेम्सने २०१२ मध्ये काढला. त्याची मुळं रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, मायकेल मूरकॉक यांच्या तलवार-आणि-जादूटोण्याच्या कथांमध्ये आहेत. त्या कथांमध्ये जादू माणसाची नसते. ती बाहेरून, कुठल्यातरी राक्षसाकडून किंवा विस्मृतीत गेलेल्या देवाकडून उसनी आणलेली असते आणि देणारा ती फुकट देत नाही. डीसीसीचे नियम हीच गोष्ट फाशांवर आणतात. म्हणून नव्या खेळाडूला माझं एकच सांगणं असतं: फासा हातात घेण्याआधी किंमत ठरवा. या कामासाठी मी काय द्यायला तयार आहे, हे रोलच्या आधी ठरवणाऱ्याचा मांत्रिक टिकतो आणि खेळायला मजाही त्यालाच येते. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका सवयीसाठी आहेत.

सोबत काय हवं

- मूळ नियमपुस्तक, टेबलावर एक तरी प्रत. पुस्तक जाडजूड आहे, पण त्यातला मोठा भाग मंत्रांच्या तक्त्यांनी व्यापलेला आहे. खेळाडूला सगळं वाचावं लागत नाही. फक्त अंदाज घ्यायचा असेल तर क्विक स्टार्ट नियम मोफत मिळतात.
- नेहमीचा सात फाशांचा संच, आणि एक जादा डी६.
- तुमच्या प्रत्येक मंत्राच्या पानाची छापील प्रत. ही नसेल तर मांत्रिक खेळू नका, इतकं मी ठामपणे म्हणेन. पर्पल सॉर्सररच्या साइटवर मंत्रांची वही तयार करून देणारं साधन आहे, तिथून पीडीएफ काढून घ्या.
- पेन्सिल आणि चांगलं खोडरबर. आकडे दर सेशनला बदलतात, पेनने कागदाची चाळण होते.
- हिशेबाची एक छोटी वही. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

डीसीसीला डी३, डी५, डी७, डी१४, डी१६, डी२४, डी३० असे चमत्कारिक फासे लागतात. आपल्याकडे ते दुकानात सहज दिसत नाहीत आणि मागवायचे तर वाट पाहावी लागते. त्यासाठी खेळ अडवून ठेवू नका. डी३ हवा तर डी६ टाकून निम्मं करा, डी५ साठी डी१० निम्मा करा, दोन्हीकडे अपूर्णांक वर न्या. डी७ साठी डी८ टाका, ८ आला तर पुन्हा टाका. डी१६ साठी डी८ सोबत तो जादा डी६ टाका: डी६ वर १ ते ३ आले तर डी८ चा आकडा तसाच, ४ ते ६ आले तर त्यात ८ मिळवा. डी१४ आणि डी२४ याच रीतीने डी७ आणि डी१२ वरून निघतात. डी३० साठी डी१० सोबत डी६: १-२ ला आकडा तसाच, ३-४ ला १० मिळवा, ५-६ ला २०.

१. आधी टेबलावरच्या माणसांशी बोला

राक्षस, रक्त, बळी, शरीर विद्रूप होणं, हे सगळं या खेळात येतं. कुणाला काय चालणार नाही हे जजने पहिल्या सेशनआधीच विचारावं. (डीसीसीत सूत्रधाराला जज म्हणतात.) आपल्याकडे आणखी एक गोष्ट बघावी लागते. नियमपुस्तकातल्या शक्तींमध्ये अझी दहाक आहे, वादळांचा आणि ओसाड प्रदेशांचा राक्षसराज. हे नाव अवेस्तातून आलेलं आहे. टेबलावर पारशी मित्र असेल तर त्याच्यासाठी ती परंपरेतली गोष्ट आहे, त्याला आधी विचारा. याच कारणासाठी आपल्या ग्रामदेवतांना किंवा कुणाच्या कुलदैवताला पेट्रन, म्हणजे मांत्रिकाला जादू देणारी शक्ती, म्हणून खेळात आणू नये असं माझं स्पष्ट मत आहे. राक्षस कल्पनेतला असला की सगळे मोकळेपणी खेळतात.

घरचे "हे भुताखेतांचं काय चाललंय" म्हणाले तर लपवू नका, त्यांना एकदा शेजारी बसवा. अमेरिकेत ऐंशीच्या दशकात या खेळांवर इतका गदारोळ झाला की १९८९ साली आलेल्या एडी अँड डीच्या (डी अँड डीचंच त्या काळातलं रूप) दुसऱ्या आवृत्तीतून डेमन आणि डेव्हिल हे शब्दच वगळले गेले होते. फासे आणि तक्ते बघितले की संशय उरत नाही.

२. कोणाला मांत्रिक करायचं ते ठरवा

डीसीसीत तुम्ही थेट विझर्ड (मांत्रिक) होऊन सुरुवात करत नाही. प्रत्येकाला शून्य पातळीची दोन ते चार साधी माणसं मिळतात: शेतकरी, लोहार, कबर खोदणारा. सहाही गुण ३डी६ (तीन डी६ ची बेरीज) टाकून ओळीने येतात, अदलाबदल नाही. पहिल्या मोहिमेत बहुतेक जण मरतात. जे वाचून १० अनुभव गुणांपर्यंत पोचतात ते पहिली पातळी गाठतात आणि मग वर्ग निवडतात.

नवा खेळाडू इथे फक्त इंटेलिजन्स बघतो. तो हवाच, कारण मंत्राच्या रोलमध्ये त्याचा मॉडिफायर (गुणावरून ठरणारी भर किंवा वजावट) मिळवला जातो. पण तेवढाच लक आणि स्टॅमिनाही बघा. लक कशाला ते पुढच्याच पायरीत दिसेल. स्ट्रेंग्थ, अ‍ॅजिलिटी आणि स्टॅमिना ही तर मांत्रिकाची तिजोरी आहे, ती स्पेलबर्नमध्ये, म्हणजे मंत्राला बळ देण्यासाठी गुण जाळताना, खर्च होते. इंटेलिजन्स १६ पण बाकी सगळं ६-७ असलेल्या माणसापेक्षा इंटेलिजन्स १४ आणि बाकी सगळं ११-१२ असलेला माणूस मी कधीही निवडेन.

एल्फ हा इथे वेगळा वर्ग आहे. त्याला पेट्रन बाँड आणि इन्व्होक पेट्रन हे दोन मंत्र पहिल्या पातळीला आपसूक मिळतात, पण लोखंडाचं त्याला वावडं असतं. राक्षसाशी करार हीच तुमची मुख्य हौस असेल तर एल्फ हा जवळचा रस्ता.

३. मंत्र मिळतील ते घ्या

पहिल्या पातळीच्या विझर्डला चार मंत्र येतात, इंटेलिजन्सनुसार थोडे कमी-जास्त. ते निवडायचे नसतात, फासे टाकून ठरतात. जजला गळ घालून हवा तो मंत्र मागून घेण्याचा मोह टाळा. हाती आलेल्या विचित्र मंत्रांनी तुमचा मांत्रिक इतरांपेक्षा वेगळा होतो.

त्यानंतर प्रत्येक मंत्रासाठी मर्क्युरियल मॅजिकचा रोल. शंभरातला आकडा टाकायचा आणि त्यात लकचा मॉडिफायर गुणिले १० मिळवायचा. म्हणजे लक १३ असेल तर १० ची भर, लक ७ असेल तर १० ची वजावट. ४१ ते ६० आलं तर काही बदल नाही. त्याखाली गेलात की मंत्राला खोड लागते, वर गेलात की सहसा फायदा होतो. अगदी तळाचा निकाल असा की तुम्ही तो मंत्र म्हणाल तेव्हा तुमच्या ओळखीचं कुणीतरी मरतं. हा रोल मंत्र शिकताना एकदाच होतो आणि कायम राहतो, तेव्हा निकाल त्या मंत्राच्या छापील पानावरच वरती ठळक लिहून ठेवा. वेगळ्या कागदावर लिहिलेला निकाल ऐन लढाईत हमखास विसरला जातो.

४. रोल वाचायला शिका

रोल सोपा आहे: डी२०, अधिक पातळी, अधिक इंटेलिजन्सचा मॉडिफायर. चिलखत घातलं असेल तर त्याची वजावटही इथे लागते, म्हणून मांत्रिकाने लोखंडाच्या मोहात पडू नये.

पहिल्या पातळीच्या मंत्राला १२ लागतात. ११ किंवा कमी आले तर मंत्र फसतो आणि त्या दिवसापुरता जातो. फाशावर सरळ १ आला तर मंत्र जातोच, वर काहीतरी वाईट घडतं. १२ च्या पुढे मात्र निकालांचा जिना आहे: १२-१३, १४-१७, १८-१९, असं करत ३२ च्या वरपर्यंत. मॅजिक मिसाइल १२-१३ ला फक्त १ नुकसान करतो. त्याच जिन्यावर वर चढलात तर एकाच वेळी अनेक बाण सुटतात.

आकड्यात बघू. पहिली पातळी, इंटेलिजन्स १६, म्हणजे एकूण ३ ची भर. १२ गाठायला फाशावर ९ हवेत, शक्यता ६०%. उरलेल्या ४०% वेळा मंत्र दिवसभरासाठी गेला. आता "मंत्र चालला की झालं" एवढीच अपेक्षा असेल तर ६०% बरे वाटतात. पण तुम्हाला १८ चा निकाल हवा असेल तर फाशावर १५ हवेत, शक्यता ३०%. कुठल्या पायरीवरचा निकाल पुरेसा आहे हे रोलच्या आधी स्वतःला विचारा. बहुतेक खेळाडू हा प्रश्न विचारत नाहीत, नुसता फासा टाकतात.

५. स्पेलबर्न: रक्ताचा हिशेब

माझ्या लेखी हा डीसीसीतला सर्वांत सुंदर नियम. रोलच्या आधी जाहीर करून तुम्ही स्ट्रेंग्थ, अ‍ॅजिलिटी किंवा स्टॅमिनातले गुण जाळू शकता. जाळलेल्या प्रत्येक गुणामागे रोलमध्ये १ ची भर. वरच्या उदाहरणात ४ गुण जाळले तर १२ गाठायची शक्यता ६० वरून ८०% होते आणि १८ गाठायची ३० वरून ५०%. एकाच मंत्रावर पूर्ण २० गुण जाळले तर फासा न टाकताच तो २० धरला जातो. जळलेले गुण हळूहळू परत येतात, स्पेलबर्न न केलेल्या प्रत्येक दिवसाला १.

इथे एक गोष्ट आहे जी फार थोडे नवे खेळाडू बघतात. मॉडिफायर प्रत्येक गुणाला बदलत नाही, पट्ट्यांमध्ये बदलतो: ६ ते ८ ला उणे १, ९ ते १२ ला शून्य, १३ ते १५ ला अधिक १, १६-१७ ला अधिक २. म्हणजे स्ट्रेंग्थ १२ असलेल्या माणसाने ३ गुण जाळले तरी तो ९ वर येतो आणि मॉडिफायर शून्यच राहतो. अ‍ॅजिलिटी ११ असेल तर त्यातून २ निघतात. स्टॅमिना १५ असेल तर १३ पर्यंत आणखी २. असे ७ गुण एकही मॉडिफायर न हलवता मिळाले. कॅरेक्टर शीटच्या कडेला प्रत्येक गुणासमोर हा "सुटा" आकडा लिहून ठेवा. लढाईत विचार करायला वेळ नसतो, तेव्हा हाच आकडा कामाला येतो.

सापळे तीन. पहिला: रोल पडल्यावर "थांबा, मी दोन जाळतो" म्हणणं. ते चालत नाही आणि जजने चालू देऊ नये, सगळा ताण तिथेच निघून जातो. दुसरा: फाशावर १ आला तर कितीही गुण जाळलेले असले तरी मंत्र फसतो. दर वीस रोलमागे एकदा हे व्हायचंच, तेव्हा शेवटचा गुण कधी पणाला लावू नका. तिसरा: मोहिमेच्या पहिल्याच खोलीत सगळं जाळून टाकणं. ७ गुण परत यायला आठवडा लागतो आणि गुहेत आठवडाभर कुणी थांबत नाही.

जाळणं कसं दिसतं हेही सांगा. बोट कापलं, केसांची बट आगीत टाकली, नाकातून रक्त आलं. नियमपुस्तकात त्यासाठी तक्ता आहे, पण स्वतःच्या मांत्रिकाची एक ठरलेली रीत असली की टेबलावर सगळे तिची वाट बघू लागतात.

६. पेट्रनशी करार

राक्षस बोलावण्याचा थेट मंत्र, डेमन समनिंग, तिसऱ्या पातळीचा आहे. तो शिकायला विझर्ड पाचव्या पातळीला पोचावा लागतो. तोवर राक्षसाशी तुमचा संबंध येतो तो पेट्रनच्या रूपाने, आणि इथे तुम्ही त्याला बोलावत नाही, तुम्ही त्याच्या पदरी राहता.

करार दोन मंत्रांनी चालतो. पेट्रन बाँड म्हणजे लांबलचक विधी करून नातं जोडणं. त्या वेळी किती आकडा आला त्यावर नातं किती घट्ट ते ठरतं, आणि पेट्रन बदल्यात काम सांगतो. इन्व्होक पेट्रन म्हणजे संकटात हाक मारणं. त्याला किमान १ गुण स्पेलबर्न करावाच लागतो, फुकट हाक ऐकली जात नाही.

पेट्रन निवडताना नावाच्या दराऱ्यावर जाऊ नका. बोबुगबुबिल्झ हा बेडकांचा आणि दलदलीचा राक्षसराज आहे, सेझ्रेकन हा महादुष्ट जुना मांत्रिक, एल्फलँडचा राजा, नियती राखणाऱ्या तीन देवता, असे बरेच आहेत. तुमचं कॅम्पेन कुठे घडणार हे जजला विचारा. वाळवंटात बेडकांचा स्वामी काय मदत करणार? आणि तो मागेल ती कामं तुमच्या सोबत्यांना पचतील का, हेही बघा. गटात धर्मनिष्ठ क्लेरिक (पुजारी) असेल तर त्याच्या खेळाडूशी आधी बोलून घ्या. दोघांची झुंज रंगतदार होऊ शकते, पण ती दोघांना हवी असली पाहिजे.

पेट्रनच्या शापांचा, म्हणजे टेंटचा, तक्ता खेळाडूने आधी वाचू नये असं मी सुचवेन. तो जजकडे राहू दे.

जजसाठी दोन शब्द: पेट्रनने काम सांगितलं की ते पुढच्या एक-दोन सेशनमध्ये खरोखर वसूल करा. न वसूल केलेला करार खेळाडू विसरतो, आणि मग इन्व्होक पेट्रन नुसतं एक हत्यार होऊन बसतं.

७. करप्शन आलं तर

फाशावर १ आला की मंत्रानुसार तीनपैकी काही होऊ शकतं: मंत्र भलतीकडे फुटतो, मांत्रिकाच्या शरीरात कायमचा बिघाड (करप्शन) होतो, किंवा पेट्रनची खूण अंगावर उमटते. बिघाड किरकोळ, मोठा आणि भयंकर अशा तीन प्रतींचा असतो. चेहऱ्यावर फोड येण्यापासून माणूस ओळखू न येण्यापर्यंत.

करप्शन टाळायचं तर लकचा १ गुण जाळता येतो. पण चोर आणि हाफलिंग (बुटकी जमात) या वर्गांचा लक परत भरतो, विझर्डचा नाही. माझा सल्ला: पहिले एक-दोन किरकोळ बिघाड घ्या. लक वाचवा, तो भयंकर तक्त्यासाठी लागेल. शिवाय हिरवी पडलेली कातडी घेऊन गावच्या बाजारात जाणं हा खेळाचा भाग आहे. लोक दारं लावतात, पोरं दगड मारतात, सराईवाला खोली देत नाही, आणि तुमच्या सोबत्यांना तुमच्या वतीने बोलावं लागतं.

८. खरोखर राक्षस बोलावताना

पाचवी पातळी, इंटेलिजन्स १६, म्हणजे ७ ची भर. तिसऱ्या पातळीच्या मंत्राला १६ लागतात, फाशावर ९. शक्यता पुन्हा ६०%. पण एक फरक आहे: एकूण १२ ते १५ आले तर मंत्र फसतो पण जात नाही, पुन्हा प्रयत्न करता येतो. पूर्ण गमावायची वेळ फाशावर १ ते ४ आले तरच, म्हणजे २०%.

त्याआधी सोबत्यांशी तीन गोष्टी ठरवा. राक्षसाकडून नेमकं कोणतं एक काम हवं आहे, ते एका वाक्यात. तो बिथरला तर कोण काय करणार. आणि मांत्रिक बेशुद्ध पडला तर पुढची आज्ञा कोण देणार, की सगळ्यांनी पळायचं. राक्षसांची टाइप एक ते सहा अशी उतरंड आहे. वरच्या राक्षसांना साध्या हत्यारांनी इजा होत नाही, तेव्हा "बिथरला तर मारून टाकू" ही योजना धरू नका.

तुमच्या गटाला पहिल्याच दिवसापासून राक्षस बांधायचे असतील तर डीसीसीचा हट्ट सोडून केऑसियम या प्रकाशकाचा १९८१ चा स्टॉर्मब्रिंगर हा खेळ शोधा. त्यात पॉवर हा गुण १६ किंवा अधिक असलेलाच मांत्रिक होतो, आणि राक्षस कामानुसार विभागलेले आहेत: लढाईचे, रक्षणाचे, प्रवासाचे, ज्ञानाचे, वासनेचे, झपाटण्याचे. त्यांना हत्यारात किंवा वस्तूत बांधता येतं. बांधताना तुमची पॉवर राक्षसाच्या पॉवरशी भिडते. दोन्ही सारख्या असतील तर ५०%, आणि प्रत्येक गुणाच्या फरकाला ५% इकडे किंवा तिकडे. तुमची १६ आणि त्याची १३ तर ६५%. बलाढ्य राक्षस मागाल तर तो बांधणं तेवढंच अवघड, हा सौदा तिथे उघड्यावर होतो.

९. हिशेबाची वही

दर सेशनच्या शेवटी पाच मिनिटं थांबून हे लिहा: कोणते मंत्र गेले, कोणता गुण किती जळाला आणि कोणत्या दिवशी पूर्ण भरेल, लक किती उरला, अंगावर काय-काय उमटलं, आणि पेट्रनचं कोणतं काम बाकी आहे. दुसऱ्या दिवशी गेलेले मंत्र परत येतात, त्यामुळे खेळातला दिवसही लिहून ठेवावा लागतो. जजने आपली वेगळी नोंद ठेवावी आणि पुढच्या सेशनच्या सुरुवातीला दोन्ही वह्या ताडून बघाव्यात. बाकी कामाची ओळ दोघांकडे वेगळी निघाली, तर जजच्या वहीतली खरी धरा.